खाणीतील उद्यान

तुम्ही ज्या शाळेत बसून हा पाठ वाचीत आहात, तिच्या भिंतींकडे एकदा निरखून पाहा. त्या दगडाच्या असोत, विटांच्या असोत किंवा सिमेंटच्या असोत. त्यांत जेवढे सामान चढले आहे, तेवढे कोठून तरी खणून आणलेले आहे. गावात एक इमारत उभी राहिली, की दूर कोठे तरी माळावर किंवा डोंगराच्या कुशीत एक खड्डा पडतो. इमारतीचे उद्घाटन होते, तिला नाव मिळते. खड्ड्याला मात्र कोणी नाव देत नाही. दगड संपला, की खाणवाले आपली यंत्रे उचलून पुढच्या टेकडीकडे जातात आणि तो खड्डा उन्हापावसात उघडा पडून राहतो.

आपल्या महाराष्ट्रात असे खड्डे ठिकठिकाणी आढळतात. मोठ्या शहरांच्या आसपास काळ्या दगडाच्या खाणी आहेत. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत चुनखडीच्या खाणी आहेत. सोडून दिलेल्या खाणींत पावसाळ्यात पाणी भरते. वरून ते निळे व शांत दिसते. परंतु काठ सरळ तुटलेला असतो आणि तळाचा अंदाज लागत नाही. पोहायला म्हणून उतरलेली कित्येक मुले अशा पाण्यात प्राणास मुकली आहेत. तेव्हा पुढे जाण्यापूर्वीच सांगून ठेवतो, की खाणीच्या काठाशी खेळायला जाऊ नका.

असाच एक खड्डा एका घराच्या अगदी परसात होता. तो दुसऱ्या कोणी केलेला नव्हता. घराच्या मालकानेच खणविलेला होता. त्याचे पुढे काय झाले, आणि जे झाले ते कोणत्या युक्तीने घडवून आणले, हे आपल्याला या पाठात पाहावयाचे आहे.

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ पॅसिफिक महासागरात व्हँकूव्हर नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाशी व्हिक्टोरिया हे शहर असून ते ब्रिटिश कोलंबिया या प्रांताच्या राजधानीचे ठिकाण आहे. शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर समुद्राचा एक चिंचोळा फाटा जमिनीत शिरला आहे. त्याला टॉड इनलेट असे म्हणतात. सानिच नावाचे तेथील मूळ रहिवासी या किनाऱ्यावर हजारो वर्षांपासून राहत आले आहेत. या भागातील जमिनीत उत्तम प्रतीची चुनखडी आहे, आणि तिच्याच शोधात रॉबर्ट पिम बुचार्ट नावाचे एक कारखानदार येथे आले. १८८८ पासून ते पूर्वेकडील ऑन्टॅरिओ प्रांतात आपल्या जन्मगावाजवळ सिमेंट तयार करीत असत. १९०४ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी जेनी यांनी टॉड इनलेटच्या काठी, खाणीजवळच, आपले घर थाटले.

चुनखडी आणि सिमेंट यांचा संबंध काय, हे येथे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. समुद्रातील शंख, शिंपले आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव यांची कवचे तळाशी साचत जातात. लाखो वर्षांच्या दाबाने त्यांचा खडक बनतो. तोच चुनखडीचा दगड होय. हा दगड व माती यांचे चूर्ण करून ते भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले, म्हणजे त्याचे कठीण गोळे होतात. त्यांत थोडे जिप्सम घालून पुन्हा बारीक दळले, की सिमेंट तयार होते. जोसेफ ॲस्पडिन नावाच्या एका इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये अशा सिमेंटचा एकाधिकार मिळविला आणि त्याला ‘पोर्टलंड सिमेंट’ हे नाव दिले. ज्या जीवांनी समुद्राच्या तळाशी आपली घरे बांधली, त्यांच्याच घरांचा चुरा करून आपण आपली घरे बांधतो, असे म्हटले तरी चालेल.

बुचार्ट यांच्या खाणीतील चुनखडी भट्टीत गेली, तिचे सिमेंट जहाजांवर चढले आणि किनाऱ्यावरच्या शहरांत इमारती उठल्या. १९०८-०९ च्या सुमारास खाणीतील चांगला दगड संपला. घरामागे उरला तो सुमारे ५० फूट खोल खड्डा. चहूबाजूंस करड्या रंगाचे उघडे कडे, तळाशी निरुपयोगी दगडांचे ढीग, मधूनमधून साचलेली डबकी, आणि पलीकडे धूर ओकणारी कारखान्याची धुराडी. सकाळी खिडकी उघडावी, तर हे दर्शन! पैसा हाती आलेला होता. कुटुंबाने दुसरीकडे राहावयास जाणे सहज शक्य होते. बहुतेकांनी तेच केले असते. परंतु जेनीबाईंच्या मनाने वेगळेच घेतले. या खड्ड्यातच बाग करावयाची, असे त्यांनी ठरविले.

त्या काही वनस्पतिशास्त्राच्या पंडित नव्हत्या. येथे राहावयास आल्यावर एका स्नेह्याने त्यांना गोड वाटाण्याच्या जातीच्या फुलवेलीचे बी आणि गुलाबाचे एक रोप भेट दिले, आणि तेथून त्यांना बागेचा नाद लागला, असे सांगतात. घराभोवतीच्या चांगल्या मातीत फुलझाडे लावणे ही एक गोष्ट. खाणीच्या तळाशी ती लावणे ही अगदी निराळी गोष्ट. ती निराळी का, हे कळल्यावाचून जेनीबाईंच्या कामाचे मोल कळणार नाही.

झाडाला उभे राहण्यासाठी मुळांना आधार लागतो. पिण्यासाठी पाणी लागते, पाण्यातून विरघळून येणारी क्षारादी अन्नद्रव्ये लागतात. आणि पुष्कळांना ठाऊक नसते ते हे, की मुळांना श्वासही घ्यावा लागतो. हे सारे एके ठिकाणी पुरविणारी वस्तू म्हणजे माती. चांगल्या मातीची मूठ भरून पाहा. तीत दगडाचे बारीक कण असतात, कुजलेल्या पाल्याचा काळसर अंश असतो, ओल असते आणि कणांच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. शिवाय डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव तिच्यात नांदत असतात. उघड्या खडकावर यांपैकी काहीच टिकत नाही. पाऊस पडला, की पाणी एक तर वाहून जाते किंवा एखाद्या खळग्यात कोंडून राहते. वाहून गेले तर झाड तहानेने मरते. कोंडून राहिले तर त्याची मुळे गुदमरून कुजतात. म्हणून खडकावर बाग करावयाची, म्हणजे आधी मातीला आणि पाण्याला तेथे राहावयास जागा करून द्यावयाची. रोपे आणणे हे त्यानंतरचे काम.

निसर्ग हे काम करीतच नाही, असे मात्र नाही. आपल्या घरच्या गोड्या मसाल्यात आई ‘दगडफूल’ घालते, ते तुम्ही पाहिले असेल. ते फूल नव्हे. ते बुरशी आणि शेवाळासारखे सूक्ष्म जीव यांचे मिळून बनलेले असते. दगडफुलाच्या जातीचे असे अनेक प्रकार उघड्या दगडावर वाढतात आणि आपल्या आम्लाने त्याचा पृष्ठभाग किंचित किंचित खातात. त्या चुऱ्यात धूळ अडकते, शेवाळ येते, शेवाळाच्या कुजण्याने गवताच्या बियांना थारा मिळतो. जुन्या देवळाच्या शिखरावर किंवा किल्ल्याच्या तटावर उगवलेला पिंपळ तर सर्वांच्या परिचयाचा आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून एक बी फटीत पडते, तेथल्या चिमूटभर धुळीवर रुजते, आणि काही वर्षांत तिची मुळे चिरेबंदी भिंत उकलू लागतात. परंतु निसर्गाला घाई नसते. मातीचा इंचभर थर घडविण्यास त्याला शेकडो वर्षे लागतात. जेनीबाईंपाशी एकच आयुष्य होते.

तेव्हा त्यांनी माती बाहेरून आणली. आसपासच्या शेतजमिनींतील सुपीक माती घोड्यांच्या गाड्यांतून टनावारी आणवून खाणीच्या तळाशी पसरविली. लिहिण्यास हे एक वाक्य पुरते. पण ५० फूट खोल खड्ड्यात एकेक गाडी माती उतरविणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी कधी विहिरीचे काम पाहिले आहे त्यांनाच येईल. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही माती शून्यातून निर्माण झाली नव्हती. ती कोणा शेताच्या अंगावरची होती, आणि वरचा सुपीक थर गेला, की शेत तेवढे दुबळे होते. एका ठिकाणचा खड्डा सजविण्यास दुसऱ्या ठिकाणची माती उचलावी लागली, हे या सुंदर कथेचे एक अंग आहे. ते झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. आज असे उद्यान कोणी करू म्हणेल, तर त्याने खाण सुरू करतानाच वरची माती बाजूला काढून जपून ठेवावी आणि दगड संपल्यावर तीच पुन्हा पसरावी. खाणी पुन्हा हिरव्या करण्याच्या कामात आता हीच रीत उत्तम मानतात.

तळाशी पडलेल्या दगडांचे काय करावयाचे, हा दुसरा प्रश्न होता. ते वर काढून फेकणे अतिशय खर्चाचे झाले असते. जेनीबाईंनी ते बाहेर काढलेच नाहीत. त्यांनी ते ढकलून, रचून खड्ड्याच्या मध्यभागी त्यांचे उंच ढिगारे करविले, त्यांच्या अंगावर माती बसवून फुलझाडांचे वाफे केले. यात मोठी चतुराई होती. सपाट तळाला उंचसखलपणा आला. ढिगाऱ्याच्या माथ्यावर उभे राहिले, की सारी बाग नजरेच्या टप्प्यात येऊ लागली. शिवाय दगडांच्या राशीत फटी असतात, त्यामुळे जास्तीचे पाणी झिरपून खाली निघून जाते. जो केर म्हणून पडला होता, तोच बागेचा कणा झाला.

मग राहिले ते कडे. सरळ उभ्या दगडावर माती टिकणार कशी? येथे जेनीबाईंनी तटावरच्या पिंपळाची युक्ती योजिली. मुंबईसारख्या शहरात उंच इमारतींना रंग देणारे कामगार दोरांना टांगलेल्या फळीवर बसून काम करतात, हे तुम्ही पाहिले असेल. जहाजावरचे खलाशीही अशाच फळीवर बसून डोलकाठीची डागडुजी करतात. तशा टांगत्या फळीवर बसून जेनीबाई स्वतः कड्यावरून खाली उतरत आणि जेथे जेथे फट किंवा कोनाडा दिसेल, तेथे आयव्ही नावाच्या सदाहरित वेलीची रोपे खोचून देत. या वेलीच्या खोडाला बारीक बारीक मुळ्या फुटतात आणि त्यांच्या साहाय्याने ती दगडाला बिलगून चढते. एका चांगल्या श्रीमंत घरची स्त्री दोराला लोंबकळत कड्यावर वेली लावीत आहे, हे दृश्य पाहून त्या काळी लोकांनी तोंडात बोटे घातली असतील. परंतु वेलींनी कडे झाकले. पलीकडचा कारखाना दृष्टीआड व्हावा म्हणून उंच पॉप्लर वृक्षांच्या रांगा लावण्यात आल्या.

आता पाणी. त्या बेटाच्या या भागात पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे पावसाळ्यातील पाणी उन्हाळ्यासाठी राखावे लागते, तशीच काहीशी स्थिती. कोणत्याही खड्ड्यात पाणी आपोआप सर्वांत खोल जागा शोधते. ही जागा भराव घालून बुजविली असती, तर पाणी वाफ्यांत शिरून मुळे कुजली असती. जेनीबाईंनी पाण्याशी भांडण केले नाही. खाणीचा सर्वांत खोल भाग त्यांनी पाण्यालाच देऊन टाकला आणि तेथे तळे केले. त्या तळ्यात आज काठावरच्या झाडांची व वेलींनी मढलेल्या कड्यांची प्रतिबिंबे पडतात. वरून पायऱ्या उतरून येणाऱ्याला हा मूळचा खड्डा आहे, असे सांगूनही खरे वाटत नाही.

हे सारे घडावयास सुमारे १२ वर्षे लागली. १९२१ मध्ये हे ‘खोलगट उद्यान’ पूर्ण झाले. जेनीबाईंची जिद्द थोर खरी. पण घमेली वाहणारे हात पुष्कळ होते. कारखान्यातील मजूर या कामी येत. त्या कारखान्यात चीनमधून आलेले मजूर होते आणि १९०६ च्या सुमारास पंजाबातून गेलेले शीख मजूरही होते. सहस्रावधी कोस दूरच्या त्या थंड, अपरिचित किनाऱ्यावर आपल्या देशाची ही माणसे दगड फोडीत होती, भट्टीच्या धुळीत राबत होती. बागेचे नाव जगभर झाले आणि तिला बुचार्ट कुटुंबाचे नाव मिळाले. या मजुरांची नावे फारच थोड्यांना ठाऊक आहेत.

खोलगट उद्यानाशिवाय तेथे इतरही बागा झाल्या. समुद्राच्या बाजूस जपानी पद्धतीचे उद्यान झाले. त्याच्या आखणीत योकोहामाहून आलेले इसाबुरो किशिदा यांचे साहाय्य होते. १९२६ मध्ये टेनिस खेळण्याचे पटांगण मोडून तेथे इटालियन धर्तीची बाग केली आणि १९२९ मध्ये भाजीपाल्याच्या वाफ्यांच्या जागी गुलाबांची. घराला त्यांनी ‘बेनवेनुतो’ असे नाव दिले होते. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘सुस्वागतम्’. नावाप्रमाणे येणाऱ्याजाणाऱ्याचे तेथे स्वागत होई आणि बाग पाहून दमलेल्या अनोळखी पाहुण्यांनाही जेनीबाई चहा पाजीत. १९३९ मध्ये या दांपत्याने आपली बाग नातू इयान रॉस याला त्याच्या २१ व्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली. रॉबर्ट १९४३ मध्ये आणि जेनीबाई १९५० मध्ये निवर्तल्या. नातवाने भेट जपली. पुढे ५८ वर्षे तो बागेचे काम पाहत होता.

बागेला ६० वर्षे झाली तेव्हा, १९६४ मध्ये, त्याने पाण्याने भरलेल्या खालच्या खोलगट भागात एक कारंजे बसविले. त्याचे पाणी ७० फूट उंच उडते आणि क्षणोक्षणी आकार बदलते. कारंज्याचे रहस्य अगदी साधे आहे. नळीतून पाणी वाहत असता तिचे तोंड बोटाने अर्धे दाबून धरा. पाणी लगेच जोराने दूर जाऊन पडते. कारंज्याच्या नळाचे तोंड असेच निमुळते असते, आणि मागून पंप पाण्याला रेटीत असतो. वर गेलेले पाणी पुन्हा खालीच पडते व तेच पुन्हा वर चढविता येते. त्यामुळे तुषार उडून किंवा वाफ होऊन जाते तेवढेच नवे पाणी घालावे लागते. पंप नसतानाही कारंजे उडविता येते. मात्र पाणी उंच जागेवरून आणावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला जुन्या कारागिरांनी डोंगरातील झऱ्याचे पाणी कित्येक किलोमीटर लांबून मातीच्या नळांतून आणले आहे. उंचावरून निघालेले पाणी नळात कोंडलेले असले, की दुसऱ्या टोकाला आपल्या मूळच्या उंचीकडे चढू पाहते. याच नियमाने तेथील पाणी पुन्हा वर चढविलेले आहे.

आज बुचार्ट उद्यानाचा विस्तार सुमारे ५५ एकर आहे आणि दरवर्षी सुमारे १० लाख लोक ते पाहावयास जातात. २००४ मध्ये त्याला १०० वर्षे झाली. त्या वेळी कॅनडाने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. त्या किनाऱ्याच्या मूळ रहिवाशांच्या परंपरेतील, ३० फूट उंचीचे दोन कोरीव काष्ठस्तंभही तेव्हा तेथे उभारण्यात आले. सिमेंटचा कारखाना केव्हाच बंद पडला. त्याच्या भट्टीचे एक धुराडे मात्र अद्याप उभे आहे. खोलगट उद्यानातून वर पाहिले, म्हणजे झाडांच्या शेंड्यांपलीकडे ते दिसते. ते पाडून टाकले नाही, हे फार चांगले झाले.

आता कोणी म्हणेल, ‘त्यांच्यापाशी पैसा होता, मजूर होते. आमच्या परसात चार हात खडकाळ जागा आहे, तिचे काय?’ प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर असे, की माती व पाणी यांना जागा करून देण्याचा नियम ५५ एकरांना लागू पडतो, तसाच चार हातांनाही लागू पडतो.

आपला खडक चुनखडीचा नव्हे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस थरावर थर वाहत आला व निवाला, त्याचा हा खडक. ऊनपाऊस खाऊन तो वरून भुसभुशीत होतो, तेव्हा आपण त्याला मुरूम म्हणतो; आणि मुरूम आणखी झिजत झिजत आपली काळी माती बनते. म्हणजे परसातील मुरूम ही अर्ध्या वाटेवर असलेली मातीच होय. तिला उरलेली वाट चालण्यास मदत करावयाची.

पहिले काम पहारीचे नव्हे, डोळ्यांचे आहे. एका पावसाळ्यात नुसते पाहत राहावे. पाणी कोठून येते, कोठून धावते, कोठे थांबते, हे एका कागदावर मांडून ठेवावे. जेथून ते धावते तेथे उताराला आडवा, गुडघ्याइतक्या उंचीचा दगडांचा ताल रचावा. तालाला चुना-सिमेंट लावू नये. फटींतून पाणी गेले पाहिजे आणि माती मागे राहिली पाहिजे. दोनतीन पावसाळ्यांत तालामागे मातीचा पट्टा साचलेला दिसू लागतो. झाडासाठी उन्हाळ्यातच, मुरुमात दोन-अडीच फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घ्यावा. हे काम कष्टाचे आहे. टिकावाचा घाव ठणकन परत येतो. मोठ्या माणसांना हाताशी घ्यावे. तळाशी निघालेलेच दगडगोटे टाकावे, त्यावर पालापाचोळा, मग कुजलेले शेणखत व माती यांचे मिश्रण. पाला पेटवून देण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. ज्याच्या अंगणात खडक आहे, त्याने तर शेजाऱ्याचाही पाला मागून आणावा.

झाडे निवडताना जागेचा स्वभाव ओळखावा. सीताफळ हलक्या, मुरमाड जमिनीत आनंदाने वाढते. शेवगा, करवंद, कोरफड यांनाही फार लाड लागत नाहीत. न्हाणीचे पाणी जेथून वाहते, तेथे आपल्या आजीपणजींनी केळ, अळू व कर्दळ लावली, ती उगाच नव्हे. वाया जाणाऱ्या पाण्याला त्यांनी काम दिले आणि चिखलही होऊ दिला नाही. आता कपड्यांच्या साबणांत तीव्र क्षार असतात. ते पाणी तेवढे वगळावे.

ज्या खळग्यात पाणी स्वभावतःच थांबते, तेथे लहानसे तळे करावे. फूट-दीड फूट खोली पुष्कळ झाली. घरात लहान मूल असेल, तर भोवती कुंपण अवश्य हवे. तळाशी चिकणमाती चांगली ओली करून पायांनी तुडवून बसविली, की पाणी मुरणे पुष्कळ कमी होते. एक बाजू उतरती ठेवावी, म्हणजे पाणी पिण्यास आलेली खार किंवा चिमणी आत पडली तरी चढून बाहेर येऊ शकते. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, हा दोष खरा. त्यावर गप्पी मासे हा सोपा उपाय आहे. ते डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. हे मासे तेवढे बंदिस्त तळ्यातच ठेवावे, ओढ्यानदीत सोडू नयेत. एखादे कुमुद लावावे. बेडूक मात्र आणावे लागत नाहीत. पाणी राहू लागले, हे त्यांना कसे कळते कोण जाणे. पहिल्या दमदार पावसानंतरच्या रात्री ते आपले आपण येतात आणि सारे घर जागे करतात.